हात धुवायचे राहिले

अनेझिना आली होती ती आईची हाडं धुवायला. तेवढंच काम. ते उरकायचं आणि परत मेलबर्नला जायचं, नवऱ्यात आणि पोरांत.

तुमच्यापैकी कुणी धुतली आहेत कधी? नाही ना. बघा, कशा माना खाली गेल्या. आता तुम्ही माणसं लावून करून घेता सगळं, आणि वर सांगता की वेळ नव्हता. आपल्या बेटावर माती थोडी, म्हणून कबर तीन वर्षांचीच. तीन वर्षं झाली की उघडायची. घरच्या बाईने एकेक हाड लाल वाइनमध्ये धुवायचं, पांढऱ्या कापडावर वाळवायचं, पेटीत भरून चर्चमागच्या खोलीत ठेवायचं. पेटीवर नाव घालायचं. मग ते माणूस सुटलं. ज्यांचं कुणी येत नाही त्यांची हाडं कबरस्तानाच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात जातात. त्यावर लोखंडी झाकण आहे. आत कोण कुणाचं, ते देवालाच ठाऊक.

थेमेलिना मावशीला, म्हणजे अनेझिनाच्या आईला, त्या खड्ड्याची फार भीती. मरायच्या आधी तिने अनेझिनाचं मनगट धरून ठेवलं होतं. म्हणाली, "तूच धुवायचीस. परक्याचा हात लागू द्यायचा नाही." अनेझिना एकुलती एक पोर. तिने हो म्हटलं. आईला दिलेला शब्द, आणि मध्ये अर्धी पृथ्वी.

दार लावून घे रे मिहालिस. वारा येतोय. वाराच आहे, इतका काय दचकतोस?

तर मधल्या तीन वर्षांसाठी तिने सगळं सोपवलं याकूमिसवर. घराची किल्ली त्याच्याकडे. दर शनिवारी कबरीवर दिवा लावायचा तो त्याने. याकूमिस तिचा कुंबारोस, ती त्याची कुंबारा. लग्नात तिच्या डोक्यावरचा मुकुट धरून उभा राहिलेला माणूस. सख्खा भाऊ एक वेळ फिरेल, कुंबारोस फिरत नाही, असं आम्ही समजत होतो. फोन केला की तो सांगायचा, "कालच जाऊन आलो. दिवा लावला. तुझी आई सायप्रसच्या झाडाच्या सावलीत मजेत आहे, तूच तिकडे जीव टांगणीला लावून बसतेस." आणि तिला बरं वाटायचं. तिने तो फोन ठेवल्यावर कितीदा तरी नवऱ्याला सांगितलं असेल, माणूस असावा तर असा.

हे मला तिनेच सांगितलं. इथे दुकानात, ह्याच खुर्चीत बसून. तेव्हा कुणी हसायचं नाही.

दोन वर्षांपूर्वीची तेरा सप्टेंबरची रात्र. दुसऱ्या दिवशी क्रूसाचा सण. अमावास्या जवळ आलेली, वर चांदण्या तेवढ्या. अनेझिना यायची होती पंधराला, पण समुद्र खवळणार अशी खबर होती, म्हणून ती ऱ्होड्सहून आधीच्याच बोटीने निघाली. याकूमिसला फोन लावला, तो लागला नाही. सूर्य बुडताना ती आपल्या बंदरात उतरली. पिशवीत वाइनची बाटली, आणि एक पांढरं कापड. त्याच्या कडा तिने स्वतः शिवलेल्या.

धक्क्यावर याकूमिस उभाच होता, हातात कंदील घेऊन. त्याचा धंदा तुम्हाला माहीत आहे. बोटीतून उतरलेले पाहुणे गोळा करायचे आणि बंदरापासून वरच्या गावापर्यंत फिरवायचे. 'कंदिलाच्या उजेडात जुनं गाव.' गल्लीगल्लीत विजेचे दिवे आहेत, तरी ह्याचा कंदील. बरं, माणूस बोलायला गोड. दगडाला पाझर फोडेल असा.

अनेझिनाला पाहिलं आणि त्याचं बोलणं तिथेच थांबलं.

"तू? तू तर पंधराला येणार होतीस."

"वारा सुटणार म्हणाले, म्हणून आधी आले. किती वाळलास रे. किल्ली दे, मी वर जाते. दमलेय."

त्याचा हात खिशाकडे गेला आणि परत आला. "किल्ली घरी राहिली. असं कर, आमच्याबरोबरच चल. फेरी संपली की देतो."

"माझंच गाव मला दाखवणार?"

"कुंबारा, तुला फुकट."

ती हसली. त्याच्या गालाची पापी घेतली. पिशवी त्याने उचलू का विचारलं, तर तिने दिली नाही. त्यात काय आहे ते त्याला कळलं असावं, कारण पुन्हा त्याने विचारलं नाही.

निघाली मंडळी. धक्क्यावर दिवे लागले होते. पिवळ्या-गुलाबी भिंतींची घरं एकावर एक अशी डोंगरावर चढलेली, आणि त्या सगळ्यांचे दिवे खाली पाण्यात हलत होते. अनेझिना पाहत चालली. इतकी वर्षं परदेशात आठवण काढायची ती ह्याचीच. पहिल्या वळणावर याकूमिसने कंदील उंच केला आणि एका हवेलीकडे दाखवलं. इथे म्हणे एका चाच्याने आपली बायको कोंडून ठेवली होती. पाहुण्यांनी फोटो काढले.

"तो दातांचा दवाखाना आहे," अनेझिना शेजारच्या बाईच्या कानाशी म्हणाली. "माझी अक्कलदाढ इथेच काढली."

ती बाई डच. विल्मा तिचं नाव. नवरा उंच, मुका म्हणावा इतका शांत. विल्मा खळखळून हसली. "थापा मारतो हे आम्हालाही कळतं. आम्ही दुसऱ्यांदा आलोय. ऑगस्टमध्ये येऊन गेलो, आता परत जाताना मुद्दाम इथे उतरलो."

"चाच्यासाठी?"

"नाही गं. शेवटच्या घरासाठी. त्या घरातल्या आजींसाठी."

कुणाची तरी आजी बसवली असेल दारात, अनेझिनाला वाटलं. याकूमिसला काही सांगता येत नाही. ती पुढे चालू लागली. स्पंजांच्या दुकानापाशी पुन्हा एक थाप. जुन्या औषधाच्या दुकानापाशी आणखी एक. मग मोठ्या पायऱ्या सुरू झाल्या. त्या पायऱ्यांवरून ती लहानपणी अनवाणी पळायची. आता मधल्या सपाटीवर येईपर्यंत तिला धाप लागली.

त्या सपाटीवर याकूमिस नेहमी थांबतो. तिथून बंदर सगळं पायाखाली दिसतं. त्या रात्री मात्र त्याला थांबायचं नव्हतं. "वर जाऊ, वर जाऊ," करत होता. पण विल्मा म्हणाली, "अहो, ती पाणबुड्याच्या विधवेची गोष्ट राहिली." बाकीचेही म्हणाले, सांगा. आता काय करतो? सांगावी लागली. अनेझिनाकडे पाठ करून सांगितली.

एक पाणबुड्या होता. स्पंज काढायला आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेला आणि बुडाला. त्याची तरणी बायको वरच्या घरातल्या खिडकीत बसून राहिली. म्हातारी झाली तरी बसून राहिली. बोट दिसली की दिवा वर धरायची. नवरा काही आला नाही. शेवटी त्या खिडकीतच…

"काय नाव होतं हो तिचं? विसरले मी," विल्मा म्हणाली.

याकूमिस खोकला. म्हणाला, "थेमेलिना."

अनेझिनाचा बाप बुडाला नव्हता. तो पाण्यातून वर आला, पण कमरेखाली लुळा होऊन आला. मग मरेपर्यंत खाटेवर. थेमेलिना मावशीने त्याची पाठ पुसली, त्याचं हागणं-मुतणं काढलं, लोकांची धुणी धुऊन घर चालवलं. ती खिडकीत बसली नाही. तिला बसायला वेळ कधी मिळाला? ते सगळं ह्या गड्याने पुसून टाकलं होतं आणि त्या जागी एक गोड बाई बसवली होती.

पाहुणे पुढे गेले तशी अनेझिनाने त्याची बाही धरली. "काय सांगतोस लोकांना?"

"अगं, लोकांना असंच आवडतं. खाटेवरचा माणूस बघायला कोण येतं?"

"मग नाव तरी बदलायचंस. तिचं नाव का घेतलंस?"

"रागावू नकोस. नाव छान आहे म्हणून घेतलं."

तिला त्याचा राग येत नव्हता अजून. मला म्हणाली, काका, राग यायच्या आधी माणूस स्वतःलाच समजावत बसतं. दिवा तर लावतो ना, म्हटलं. कबर तर सांभाळली ना. बाकी जाऊ दे.

वरच्या गावातल्या छोट्या चर्चपाशी याकूमिसने कंदील खाली ठेवला. "झाली आपली फेरी. शुभ रात्री. उतरताना पायऱ्या सांभाळा."

"आणि घर?" विल्माने विचारलं.

"आज घर बंद आहे."

"पण दिवा लागलाय की."

सगळ्यांनी वळून पाहिलं. तिथून गल्ली सरळ वर जाते, आणि तिच्या टोकाला थेमेलिना मावशीची खिडकी दिसते. खिडकीत उजेड होता. दारही उघडं होतं.

याकूमिसचा हात खिशात गेला. बाहेर आला तेव्हा हातात किल्ली होती. तो त्या किल्लीकडे बघत राहिला. "मी… मी कुलूप लावलंय. संध्याकाळी लावलं."

विल्माला काय त्याचं? तिला वाट माहीत होती. "चला, चला, आजी वाट बघत असतील," म्हणत ती निघाली. तिच्यामागे नवरा, त्याच्यामागे बाकीचे.

अनेझिना जागची हलली नाही. "किल्ली घरी राहिली होती ना?"

त्याने किल्ली मुठीत धरली.

"कुंबारोस, ते माझं घर आहे. माझ्या आईच्या घरात तू लोकं नेतोस?"

"हंगामापुरतं. घराला हवा लागते तेवढीच… मी सांगणारच होतो तुला."

"काय दाखवतोस आत?"

"भिंतीवरच्या ताटल्या. खाट. घटकाभर बसतात, पाणी पितात, निघतात. कालोतिना दुपारी पेले भरून ठेवते." कालोतिना म्हणजे त्याची बायको.

"आणि आजी कुठली बसवलीस?"

"कुठली आजी?"

"ती बाई म्हणते ती. सगळ्यांना भेटते ती."

"आजीबिजी कोणी नाही, अनेझिना. देवाशपथ नाही. मलाही वाटायचं, ही माणसं कुणाबद्दल बोलतात… शेजारची कोणी डोकावत असेल म्हटलं."

"तू आत जात नाहीस?"

"मी गल्लीतच थांबतो."

"का?"

तो कंदिलाची वात खालीवर करत बसला.

थोड्या वेळाने पाहुणे परत आले. जाताना बडबड चालली होती, येताना कुणी बोलत नव्हतं. दोघंतिघं तर ह्यांच्याकडे न बघताच पायऱ्या उतरून गेले. विल्मा मात्र थांबली. तिच्या हातात काचेची छोटी बशी होती. तिच्यात मुरांब्याची एक फोड, कडू संत्र्याच्या सालीची, आणि चमचा.

"सॉरी, बशी हातातच राहिली," ती म्हणाली. मग याकूमिसला म्हणाली, "आजींची तब्येत बरी नाही का हो? ऑगस्टमध्ये असं नव्हतं. तेव्हा नुसतं हसायच्या, मुरांबा द्यायच्या. आज…"

"आज काय?" अनेझिनाने विचारलं.

"हात. कोपरापर्यंत मातीने भरलेले. ओली माती. प्रत्येक बाईपुढे हात करतात आणि थांबतात. मला वाटलं, धुवायला सांगतायत. तुमच्याकडची काही पद्धत असेल. मी पेल्यातलं पाणी घातलं त्यांच्या हातावर." विल्माने स्वतःची बोटं एकमेकांवर घासली. "माती निघाली नाही. भिजलीसुद्धा नाही."

तिच्या नवऱ्याने पहिल्यांदा तोंड उघडलं. "चल आता," म्हणाला. ते गेले.

अनेझिनाने ती बशी घेतली होती. फोड तोंडात घातली. त्यात बदाम होता. सालीची गुंडाळी करून आत बदाम भरायचा, हे आपल्या गावात एकच बाई करायची.

ती घरात गेली. दिवा होता. माणूस नव्हतं. टेबलावर बशा, चमचे, पेले. खुर्ची मागे सरकवलेली. खुर्चीपुढच्या फरशीवर मातीचा एक ओघळ. बोट लावून पाहिलं. लाल माती. वरच्या कबरस्तानातली असते तशी.

मग तिला कळलं. कसं कळलं ते तिलाही सांगता येत नाही.

बाहेर आली. "याकूमिस. माझी आई कुठे आहे?"

"अगं, सकाळी जाऊ ना…"

"कुठे आहे?"

तिने त्याच्या हातातून कंदील घेतला आणि चालू लागली. तो मागून आला. येऊ नये असं त्याला वाटत असणार, पण आला.

पवनचक्क्यांच्या मागे कबरस्तान. दार नुसतं लोटलेलं असतं. सायप्रसचं झाड तिने अंधारातही ओळखलं. त्याच्या बुडाशी गेली. कंदील वर केला.

नवा संगमरवर. नवा क्रूस. दिवा जळत होता, हे मात्र खरं. काचेमागे फोटो होता.

आईचा नव्हता.

कालोतिनाच्या आईचा होता. याकूमिसच्या सासूचा.

"जुलैत गेल्या त्या," तो मागून म्हणाला. "उन्हाळा होता, अनेझिना. जागा कुठे नव्हती. कालोतिनाने हट्ट धरला, सायप्रसखालीच पाहिजे. तुझ्या आईची तीन वर्षं जूनमध्ये भरलीच होती…"

"मी सप्टेंबरात येणार म्हटलं होतं."

"हो."

"पाद्रींना काय सांगितलंस?"

"की तू येत नाहीस. मलाच कर म्हणालीस."

"कुणी धुतली?"

तो वाकून कबरीवरच्या दिव्याची काच पुसू लागला.

"याकूमिस, कुणी धुतली?"

"वेळ नव्हता गं. त्या संध्याकाळी फेरी होती. बंदरावर लोक थांबले होते."

तिने कोपऱ्यात पाहिलं. लोखंडी झाकणाकडे. त्याने त्या बाजूला पाहिलं नाही. तेवढं पुरे होतं.

ती रडली नाही म्हणाली. ओरडली नाही. तिला एवढंच आठवत होतं की ऑगस्टमध्ये, तिच्या वाढदिवसाला, ह्याने फोन केला होता. आपणहून. म्हणाला होता, तुझ्या आईजवळूनच बोलतोय, बघ, चिमण्यांचा आवाज येतोय का. आणि तिने तिकडे, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, कानाला फोन लावून चिमण्या ऐकल्या होत्या.

"माझ्या लग्नात तू मुकुट धरला होतास," ती म्हणाली.

मग परत फिरली. त्याला तिथे अंधारात सोडून. कंदील घेऊन.

घरी आली. दार लोटलं. कडी घातली नाही.

दिवा विझवला. कंदीलही विझवला. का, ते विचारू नका. उजेडात जमलं नसतं म्हणाली.

स्वयंपाकघरात आईचं जुनं पितळी घंगाळ होतं. ते टेबलावर ठेवलं. वाइन ओतली. सगळी. कापड मांडीवर पसरलं. बाह्या वर केल्या. बसली.

काहीच नाही.

खाली कुठेतरी कुत्रं भुंकलं. थांबलं.

"आई," ती म्हणाली. "मी आलेय. उशीर झाला. पण आलेय."

काहीच नाही…

मग वास आला. ओल्या मातीचा. आधी दाराकडून. मग टेबलाकडून.

समोरची खुर्ची सरकली.

अनेझिनाने मान खाली घातली. वर पाहायचं नाही, असं तिने ठरवलं. नुसते हात पुढे केले. घंगाळात. वाट पाहिली.

वाइन हलली.

बोटं तिच्या बोटांना लागली. गार. विहिरीतल्या दगडासारखी.

तिने धरलं. अंगठ्यापासून सुरू केलं. एकेक पेर. नखांच्या कडा. तळवा. मनगट. माती सुटत होती. पाण्याने सुटली नव्हती ती सुटत होती. वाइनमध्ये विरघळत होती. ती चोळत राहिली. तोंडाने काहीतरी म्हणत होती, लहानपणचं. हात हलका होत गेला. फार हलका.

मग तो तिने कापडात घेतला. टिपला. सोडला.

"आता दुसरा दे."

…

"आई. दुसरा."

आला नाही.

तिने घंगाळात हात फिरवले. टेबलावर फिरवले. मांडीवर. कुठे नाही. समोर श्वास नव्हता. आवाज नव्हता. पण कोणीतरी होतं. नाही म्हणत होतं.

"आई, मी तुझ्यासाठीच…"

खुर्ची सरकली.

दार उघडलं. तिने पाहिलं नाही. पायऱ्यांवर पावलं. अनवाणी. सावकाश. वर नाही, कबरस्तानाकडे नाही. खाली. बंदराकडे.

…

पहाटे मी दुकान उघडलं तेव्हा ती बाहेर पायरीवर बसली होती, शेजारी विझलेला कंदील. बोटं वाइनने काळपट झालेली. आत घेतली, कॉफी दिली. तिने ही सगळी गोष्ट सांगितली, आणि कॉफी तशीच राहिली. मी विचारलं, "कुठला हात धुतलास पोरी?" तिने माझ्या हाताकडे बोट दाखवलं. उजवा.

"डावा का नाही दिला, काका?" ती मला विचारत होती. "मी धुतला असता. मी तेवढ्यासाठीच आले होते."

मला काय सांगता येणार? चर्चची घंटा झाली. लोक सणाचे कपडे घालून वर जात होते. आणि त्या गर्दीच्या उलट दिशेने कालोतिना आली, घरच्याच कपड्यांत. आत डोकावली. अनेझिना आत बसलेली तिला दिसली नाही, ती दाराआड होती.

"फोतिसकाका, थोडा चुना मिळेल का?"

"आज? सणाच्या दिवशी चुना लावतेस?"

"भिंतीला डाग पडलाय. दाराच्या आतल्या बाजूला. याकूमिस तिथून हलत नाही, कालपासून बोलत नाही. पुसला तर जात नाही तो डाग."

"कसला डाग?"

तिने आधी बाहेर पाहिलं. मग म्हणाली, "माती. हाताचा पंजा उमटलाय. रात्रभर दाराला कडी होती हो. मीच लावली होती."

दाराआडून अनेझिनाने विचारलं, "कुठला हात, कालोतिना?"

कालोतिना दचकली. मागे वळून तिने अनेझिनाला पाहिलं, आणि तिच्या रंगलेल्या बोटांकडे पाहिलं. मग स्वतःचे दोन्ही हात वर धरून, पोरं डावं-उजवं शिकतात तशी, एकेक भिंतीला लावून पाहिला. एक खाली घेतला. दुसरा तसाच राहिला.

डावा.

अनेझिना उठली. गार झालेली कॉफी तिने एका दमात प्यायली, मला पापी दिली आणि दुपारच्या बोटीने गेली. याकूमिसला भेटली नाही. तेव्हापासून त्याने फेरी काढलेली नाही, हे तुम्ही पाहताच आहात. कंदील इथेच पडलाय, त्या फळीवर. घ्यायला कुणी आलं नाही.

गेल्या ईस्टरला मी त्यांच्याकडे गेलो होतो. भिंत मुद्दाम पाहिली. कालोतिनाने सकाळीच चुना दिलेला होता, भिंत पांढरीशुभ्र होती. आम्ही बसलो, बोललो. याकूमिस भिंतीकडे पाठ करून बसला होता. चुना ओला होता तोवर काही नव्हतं. मग उन्हं आत आली, चुना वाळत गेला, आणि पाचही बोटं एकेक करून वर आली.